जवानाचा आजार : सिद्ध कोणी करायचे?

शिरोळ तालुक्यातील सैनिक टाकळीसारखी गावे पिढ्यान्‌पिढ्या लष्कराला जवान देत आली आहेत. भरतीची वैद्यकीय तपासणी किती कडक असते, हे कोल्हापुरात घरोघरी ठाऊक आहे. अपंगत्व पेन्शनच्या वादाचे मूळ तिथेच आहे. गोळीने हात गेला तर तंटा क्वचितच होतो; पण सेवेत फिट्स, रक्तदाब किंवा मनोविकार जडला, की ‘सेवेमुळे झालेला नाही, सेवेने बळावलेलाही नाही’ असा शेरा पडतो आणि पेन्शनमधला अपंगत्वाचा भाग नाकारला जातो. धरमवीर सिंग प्रकरणात (२०१३) सर्वोच्च न्यायालयाने अपंगत्व पेन्शनच्या १९८२ च्या नियमांचा अर्थ स्पष्ट केला: भरतीवेळी आजाराची नोंद नसेल तर जवान निरोगी होता असेच धरायचे, उलट सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची आणि संशयाचा फायदा जवानाचा.

रक्तदाब कोणालाही होतो, मग तिजोरीवर भार का, असा आक्षेप घेतला जातो. पण उंचावरची नेमणूक, तुटलेली झोप, घरापासून वर्षानुवर्षांचा दुरावा ही नागरी जीवनशैली नव्हे. आणि कारण न देता मारलेल्या शेऱ्याला वैद्यकीय मत तरी कसे म्हणायचे? रक्कमही अवाच्या सवा नाही. शंभर टक्के अपंगत्वाला शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के, त्याखाली त्या प्रमाणात. मात्र २१ सप्टेंबर २०२३ नंतर निवृत्त होणाऱ्यांना या पेन्शनच्या पात्रतेचे नवे नियम लागू आहेत. दाद मागायची तर कोल्हापूरच्या जवानाला सशस्त्र दल न्यायाधिकरणाचे मुंबई खंडपीठ गाठावे लागते.