पाणी डोंगरावर चढवायचे तर

आपल्या नेवासा तालुक्यात आता बऱ्याच रानांत सोलरच्या प्लेटा दिसतात. पाणी दिवसा भरता येते. बिबट्याच्या धाकात रात्री उसात शिरायला नको. पण हाच पंप अकोले तालुक्यातल्या डोंगरात जसाच्या तसा चालत नाही. का, ते सांगतो.

माझे आजोबा मोटेचे उदाहरण देतात. "विहीर खोल, तितकी बैलांची धाव लांब. बैल तेच, पण मोटा कमी निघायच्या." पंपाचेही तसेच. एका सेकंदात ७५ किलो वजन १ मीटर उचलायची ताकद म्हणजे १ अश्वशक्ती. १ लिटर पाण्याचे वजन १ किलो. काहीच वाया गेले नाही असे धरले, तर ३ अश्वशक्तीत १५ मीटर खोल विहिरीतून सेकंदाला १५ लिटर पाणी येईल. ओढ्यातून ७५ मीटर उंच वावरात न्यायचे, तर फक्त ३ लिटर! पाइपात पाणी घासते, म्हणून प्रत्यक्षात त्याहून कमीच. आणि १५ मीटरसाठी बनवलेला पंप तिथे लावला, तर वर थेंबही पोचणार नाही.

२०२४ साली सुरू झालेल्या 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत अडीच एकरांपर्यंत ३, पाच एकरांपर्यंत ५ आणि त्यापुढे साडेसात अश्वशक्ती असे ठरले. म्हणजे माप जमिनीचे. माझ्या मामांचे दोन एकर भाताचे वावर डोंगराच्या उतारावर आहे. त्यांना एकराइतकीच उंचीची काळजी!

शिवाय दरीत ऊन उशिरा येते आणि लवकर जाते. प्लेटा दक्षिणेकडे तोंड करून साधारण १९-२० अंश कलत्या ठेवतात, पण पुढे कडाच असला तर काय उपयोग? म्हणून वर टाकी बांधावी. दुपारच्या उन्हात ती भरायची, मग पाणी आपोआप उताराने ठिबकला जाते. महागडी बॅटरी लागत नाही.

हे सारे जुळवायला शिकलेला इंजिनिअर लागतो. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात कृषी अभियांत्रिकीचे महाविद्यालय आहे. मला वाटते, तिथल्या विद्यार्थ्यांना एक उन्हाळाभर डोंगरात उंची मोजायला पाठवावे. त्याला मोठे यंत्र नको. गवंड्याची पाणी भरलेली पारदर्शक नळी घ्यायची. दोन्ही टोकांचे पाणी एका पातळीत राहते. तेवढ्यावर टप्प्याटप्प्याने चढत ओढ्यापासून वावरापर्यंतचे मीटर मोजता येतात.