धर्मशिक्षण कोठे संपते?

आपल्या खेड्यापाड्यांतून मुलामुलींचा प्रथम ख्रिस्तप्रसादाचा दिवस मोठ्या आनंदाने साजरा होतो. आईबाप ऐपतीप्रमाणे पांढरी वस्त्रे शिवतात, आप्तेष्ट जमतात, देवळात घंटा वाजते. पुढे काही वर्षांनी दृढीकरण होते आणि त्यानंतर धर्मशिक्षणाचे पुस्तक फडताळाच्या वरच्या कप्प्यात जाते, ते बहुधा कायमचेच. 'आता शिकून झाले' असे घरातील सर्वांस वाटते. परंतु धर्मशिक्षण खरोखरच येथे संपते काय?

नऊ वर्षांच्या मुलास जेवढे समजेल तेवढेच त्याला शिकविले जाते, आणि ते योग्यच आहे. पण तोच मुलगा चाळिशीचा होतो. पीक बुडते, घरातील कर्ते माणूस आजारपणात निघून जाते, मुलगा नोकरीसाठी दूर देशी जातो आणि हळूहळू मिस्सेला जाणे सोडतो. अशा वेळी मनात जे प्रश्न उठतात, त्यांना बालपणीच्या धड्यांतील उत्तरे पुरी पडत नाहीत. ती उत्तरे खोटी असतात म्हणून नव्हे. माणूस वाढला, पण त्याचे धर्मज्ञान लहानच राहिले म्हणून. मग कोणी देवावर रुसतो, कोणी नवससायासांच्या मागे लागतो, तर कोणी केवळ रीत म्हणून रविवार पाळतो.

आपल्या पूर्वजांनी ही अडचण फार पूर्वीच ओळखली होती. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज येशूसंघीय धर्मगुरू 1579 साली गोव्यास आले. त्या वेळी त्यांचे वय सुमारे तीस वर्षांचे होते. साष्टी प्रांतात राहून ते कोकणी शिकले, मराठी शिकले, इथल्या ओवीचा त्यांनी अभ्यास केला. त्यांच्या 'ख्रिस्तपुराणा'च्या आरंभी एक मार्मिक प्रसंग आहे. धर्मतत्त्वे शिकविली जात असता श्रोत्यांपैकी एक जण पाद्रींना विचारतो, की आमची पूर्वीची पुराणे आम्ही सोडली, तर त्यांच्या जागी वाचावयास आम्हांस काही नको काय? बाप्तिस्मा झाला, प्रार्थना पाठ झाल्या, तरी त्या मनुष्याची भूक शमली नव्हती. ही भूक म्हणजे श्रद्धा जिवंत असल्याची खूणच होय.

त्या भुकेला उत्तर म्हणून सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ 1616 साली राशोल येथे छापून प्रसिद्ध झाला. पहिल्या पुराणात जगाच्या उत्पत्तीपासूनची जुन्या करारातील कथा आहे, तर दुसऱ्यात प्रभू येशूचे चरित्र. ग्रंथ निघाला तेव्हा फादर स्टीफन्स साठी ओलांडून गेले होते आणि अवघ्या तीन वर्षांनी, 1619 साली, ते निवर्तले. तिशीत परक्या भाषेचे अक्षर गिरवावयास बसलेल्या या माणसाने शिकणे कधी थांबविले नाही, म्हणूनच शिकविणे त्यांना साधले.

या ग्रंथाच्या पुढील इतिहासात आपल्या कुटुंबांसाठी मोठा बोध आहे. 1649 आणि 1654 साली त्याच्या आणखी आवृत्त्या निघाल्या. पुढे 1684 साली पोर्तुगीज राजप्रतिनिधीने, लोकांनी तीन वर्षांत आपली बोली सोडून पोर्तुगीज भाषा बोलावी असा हुकूम काढला. देशी भाषेतील लेखनाला वाईट दिवस आले. त्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. तरीही ख्रिस्तपुराण नष्ट झाले नाही. श्रद्धावंतांनी हाताने उतरून काढलेल्या प्रती जपल्या, आणि अशा हस्तलिखितांवरूनच जोसेफ सालढाणा यांनी 1907 साली मंगळूर येथे ते पुन्हा छापले. जे छापखान्याला राखता आले नाही, ते हाताने लिहिणाऱ्यांनी आणि मोठ्याने वाचणाऱ्यांनी राखले. श्रद्धेचेही असेच आहे. देवळात मिळालेले घरात रोज हाताळले जाईल, तरच ते पुढल्या पिढीच्या हाती लागेल.

परंतु नुसते वाचन पुरेसे नाही. प्रार्थनेवाचून मिळविलेले ज्ञान कोरडे राहते, तर ज्ञानावाचून केलेली प्रार्थना कित्येकदा जिभेची सवय होऊन बसते. दोन्हींचा मिलाफ कसा असावा, हे पवित्र मरियेपासून शिकावे. बारा वर्षांचा येशू मंदिरात सापडला, तेव्हा त्याचे बोलणे आपल्या आईबापांस उमगले नाही, असे संत लूक स्पष्ट सांगतो. देवाच्या मातेलाही सारे एकाएकी समजले नव्हते! पण समजले नाही म्हणून तिने पाठ फिरविली नाही. त्या सर्व गोष्टी तिने अंतःकरणात जपून ठेवल्या. न कळलेले देवासमोर धरून ठेवणे, हेच प्रार्थनापूर्वक शिकणे होय.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 18 नोव्हेंबर 1965 रोजी प्रसिद्ध केलेल्या दैवी प्रकटीकरणाविषयीच्या संविधानात सर्व श्रद्धावंतांना पवित्र शास्त्र वारंवार वाचण्याचा आग्रह केला आहे आणि त्या वाचनाला प्रार्थनेची जोड असावी असे बजावले आहे. 2002 साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी जपमाळेत प्रकाशाची पाच रहस्ये घातली. प्रत्येक रहस्य उच्चारल्यावर त्याविषयीचा शास्त्रपाठ वाचावा, अशीही त्यांनी सूचना केली. म्हणजे ज्या घरी संध्याकाळी माळ म्हटली जाते, त्या घरी प्रभूच्या चरित्राची शाळा भरलेलीच असते. फक्त पुस्तक उघडावयाचे राहिलेले असते.

तेव्हा, प्रिय वाचकहो, फार मोठे व्रत नको. माळेनंतर पाव तास पुरे. येत्या रविवारचे शुभवर्तमान शनिवारी रात्री घरात मोठ्याने वाचावे. आजीला वाचता येत नसेल, तर नातवाने वाचावे. नातवाला अर्थ लागत नसेल, तर आजीने आपल्या आयुष्यातून तो सांगावा. मुलाने काही विचारले आणि बापाला उत्तर आले नाही, तर त्यात कमीपणा नाही. 'रविवारी फादरांना आपण दोघे मिळून विचारू' एवढे बापाने म्हटले, तरी मुलाला मोठा धडा मिळाला: बाबाही अजून शिकतात. वाचून झाल्यावर क्षणभर स्वस्थ बसावे, आणि ज्याच्या मनात जे दुःख वा जी कृतज्ञता असेल, ती त्याने आपल्याच शब्दांत प्रभूपुढे ठेवावी.

प्रभूचे शिष्य लहान मुले नव्हते. ते जाणते, कष्टकरी पुरुष होते आणि यहुदी घरांत लहानपणापासून प्रार्थना ऐकत वाढले होते. तरीही एके दिवशी त्यांच्यापैकी एकाने प्रभूजवळ मागणे केले, की आम्हांस प्रार्थना करावयास शिकवा. प्रभूने त्याला 'एवढे मोठे होऊनही तुम्हांला हे येत नाही काय?' असे विचारले नाही. त्याने त्यांना 'आमच्या बापा' ही प्रार्थना दिली. ते मागणे आपणही आज रात्री, माळ हाती घेण्यापूर्वी, करू या.