सोनेरी बुरशीची वीट

बुरशी धरली की पदार्थ फेकून द्यायचा, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, तरी सांगते: चीनच्या फू चहाची वीट बुरशी बघूनच पारखावी. कोपरा सुरीच्या टोकाने उकलून भिंगाखाली धरा. काळपट, जाडीभरडी पानं, मधेमधे देठाच्या काड्या आणि फटीफटींत रव्याहून बारीक, पिवळेधमक दाणे. तिकडे त्यांना ‘सोन्याची फुलं’ म्हणतात. युरोशियम क्रिस्टॅटम या बुरशीच्या, बीजाणूंनी भरलेल्या त्या इवल्या कुप्या.

पान हुनान प्रांतातल्या आनह्वाचं. वीट मात्र पिढ्यान्‌पिढ्या शेन्शीतल्या चिंगयांगला व्हायची. तिथलं हवापाणी नसेल तर फुलं धरत नाहीत, असा पक्का समज होता. १९५३ साली ती आनह्वातच धरली.

आंबवून वाळवलेल्या पानांना वाफ देतात आणि साच्यात दाबतात, पण बेताने. वीट फार घट्ट झाली की आत हवा खेळत नाही आणि बुरशी गुदमरते. काड्या राहू देतात त्या याचसाठी. मग अठ्ठावीस अंशांच्या आसपास, दमट खोलीत काही आठवडे विटा रचून ठेवायच्या. ओल जास्त झाली तर हिरवी-काळी बुरशी शिरते आणि माल वाया जातो. बुरशीचं शास्त्र जन्माला येण्याआधी कारागिरांनी नुसत्या अंदाजाने असंख्य बुरशींतून हवी तीच वाढवली, याचं मला फार अप्रूप वाटतं. २०२२ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत चीनच्या चहा करण्याच्या पद्धती आल्या, त्यांत हीही आहे.

ही वीट मुळात छिंगहाय, गान्सू, शिनच्यांगच्या मेंढपाळांसाठी. जनावराच्या पाठीवर लादायला सोपी, खिशाला परवडणारी. मांस-दुधावर जगणाऱ्यांना दूध-मीठ घालून उकळलेला चहा रोज लागतोच.

पण जून पानांत फ्लोराइड साठतं. विटेचा चहा दिवसभर पिणाऱ्या तिबेटी, मंगोल, कझाक वस्त्यांत दात डागाळतात, हाडं-सांधे आखडतात. यवतमाळ-चंद्रपूरकडे बोअरच्या पाण्यातून होतो, तोच हा आजार. चीनने २००५ मध्ये विटेच्या चहाला किलोमागे ३०० मिलिग्रॅम फ्लोराइडची मर्यादा घातली. आता शहरी गिऱ्हाइकांसाठी कोवळ्या पानांच्या महाग विटा निघतात. कोवळ्या पानात फ्लोराइड कमी असतं. ते कोवळं पान आधी मेंढपाळांच्या स्वस्त विटेत पडायला हवं.