कालनिर्णय पाहून मुंबई

हिंगोलीची तोंडं पूर्वी हैदराबादकडे होती. निजामाच्या राज्यातला मुलूख, गाडी मीटरगेज, कोर्टकचेरीची मोठी कामं हैदराबादला. 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला आणि राजधानी बदलली, पण रूळ काही लगेच बदलले नाहीत. पूर्णा-अकोला मार्ग रुंद व्हायला 2008 उजाडलं. पुढे 2024 मध्ये जालन्यापर्यंत येणारी मुंबईची जनशताब्दी हिंगोलीपर्यंत आली आणि वसमतच्या किंवा हिंगोलीच्या माणसाला गाडी न बदलता समुद्रापर्यंत जाता येऊ लागलं. त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीत मुंबईतल्या मित्राकडे निघणारी कुटुंबं वाढणार, हे उघड आहे. हा लेख त्यांच्यासाठी.

आधी यजमानांचं बोलू. गावाकडच्या मित्राचं घर म्हणजे अंगण, ओसरी, चार माणसं जास्त आली तर गच्ची. मुंबईचा मित्र बहुधा डोंबिवलीत, कळव्यात किंवा कामोठ्यात दोन खोल्यांत राहतो. नळाला पाणी ठरलेल्या वेळीच येतं आणि सकाळी सातच्या लोकलसाठी तो सहाला आंघोळीला जातो. त्या वेळी न्हाणीघर अडवलं नाही, तर निम्मा पाहुणचार आपण परत केला असं समजा. उतरण्याचं स्टेशनही त्याला विचारूनच ठरवा. जनशताब्दी कल्याण, ठाणे, दादर इथे थांबते. डोंबिवलीच्या मित्रासाठी सामान घेऊन थेट सीएसएमटीपर्यंत जाण्यात शहाणपण नाही. सकाळी आठ ते अकरा या वेळेत मुंबईकडे जाणाऱ्या लोकलमध्ये पिशव्या आणि पोरं घेऊन चढू नये. रविवारी निघण्याआधी मेगाब्लॉक कुठल्या मार्गावर आहे ते पाहावं. आणि जाताना मिठाई नेऊ नका. दिवाळीत ती त्यांच्याकडे डब्यांनी असते. वसमतची हळद, ज्वारीचं पीठ आणि शेंगदाण्याची चटणी न्या. धपाटे गाडीतच संपतात, म्हणून ते जास्तीचे करा.

आता समुद्र. बहुतेक पाहुणे एका दिवसात गेटवे, मरीन ड्राइव्ह, हाजी अली, जुहू असं सगळं उरकतात आणि निम्म्या ठिकाणी त्यांना चिखल किंवा खडक दिसतात. समुद्राला स्वतःचं वेळापत्रक आहे आणि ते आपल्या भिंतीवर टांगलेलंच असतं. कोकण किनाऱ्यावर जुना हिशेब आहे: तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. दिवसा एकदा, रात्री एकदा, आणि दोन भरत्यांच्या मधोमध ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा धरायचे, म्हणजे सव्वाअकरा. मुंबईत भरती त्याहून थोडी उशिरा, बाराच्या आसपास येते. हिशेब ढोबळ आहे, होडी घालायला पुरणार नाही. फिरायला मात्र पुरतो. याचं कारण चंद्र. तो रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येतो आणि भरतीही त्याच्या मागोमाग सरकते. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढतात, तेव्हा उधाण. अष्टमीला ते काटकोनात असतात, ओढ एकमेकांना मारक होते, त्याला भांग म्हणतात.

दिवाळीच्या सुट्टीला हे फार सोयीचं पडतं. लक्ष्मीपूजन अमावास्येचं. म्हणजे लक्ष्मीपूजन, पाडवा, भाऊबीज या दिवसांत भरती दुपारी आणि संध्याकाळकडे ओहोटी. उधाणाच्या दिवसांतली ओहोटीही खोल असते, पाणी लांब मागे जातं. जुहूला वाळू बघायला, पोरांना पळू द्यायला याच संध्याकाळी जा. मरीन ड्राइव्ह मात्र राखून ठेवा. सप्तमी-अष्टमीला सूर्य मावळताना भरती असते, पाणी कठड्याखालच्या सिमेंटच्या ठोकळ्यांपर्यंत आलेलं असतं. भांगाचे दिवस असल्यानं लाटा उंच नसतात, पण त्याच बऱ्या. हाजी अलीची वाट भरतीत पाण्याखाली जाते, म्हणून अमावास्येच्या आसपास तिथे दुपारी बाराला पोचू नका. आणि वांद्र्याच्या खडकांवर पाणी चढू लागलं की फोटो सोडून मागे या. पाणी पाठीमागून येतं, हे आमच्या कयाधूकाठच्या माणसाला ठाऊक नसतं.

एक अख्खा दिवस घारापुरीला द्या; हे मी आग्रहानं सांगतो. सोमवारी लेणी बंद. इतर दिवशी सकाळी नवाच्या सुमारास गेटवेवरून बोटी सुटू लागतात आणि साधारण तासाभरात पोचवतात. शंभरावर पायऱ्या चढून गेलं की सहाव्या शतकातलं मुख्य लेणं. आत जवळजवळ सहा मीटर उंच सदाशिव, ज्याला आपण त्रिमूर्ती म्हणतो. त्याच्या एका बाजूला अर्धनारीश्वर, दुसऱ्या बाजूला गंगाधर. औंढ्याच्या नागनाथाला खाली उतरून गाभाऱ्यात गेलेल्या माणसाला हा अंधार परका वाटत नाही. दगडही नात्यातला आहे. औंढ्याचं मंदिर, घारापुरीचा डोंगर आणि आपल्या शेतातली काळी माती, सगळं साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या त्याच लाव्हारसाचं. 1987 पासून घारापुरी जागतिक वारशात आहे, तरी बेटावर समुद्राखालून केबल टाकून कायमची वीज आली ती 2018 मध्ये.

बेटाला एलिफंटा हे नाव पोर्तुगीजांनी तिथल्या दगडी हत्तीवरून दिलं. तो हत्ती आता बेटावर नाही. 1864 मध्ये इंग्रजांनी तो विलायतेला न्यायचा घाट घातला, उचलताना तो फुटला. पुढे 1914 मध्ये तुकडे जोडले गेले. आज तो भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे, राणीच्या बागेला लागून. दोन्ही ठिकाणं बुधवारी बंद असतात.

बाकीचं थोडक्यात. गेटवे 1924 साली खुला झाला. पंचम जॉर्ज 1911 मध्ये आला त्याची ती आठवण. 1948 च्या फेब्रुवारीत शेवटची ब्रिटिश पलटण त्याच्याखालूनच गेली, म्हणून मला तो विजयस्तंभापेक्षा निरोपाची वेस वाटतो. सीएसएमटीची इमारत 1878 ते 1888 या काळात बांधली गेली. फलाटावरून पळू नका, बाहेर रस्ता ओलांडून समोरून बघा. अटल सेतू जवळपास 22 किलोमीटरचा आहे खरा, पण मोटारीतून तो कठड्यांपलीकडे फारसा दिसत नाही. त्यासाठी वेगळा दिवस घालवू नये. मॉल तर मुळीच नको, ते संभाजीनगरलाही आहेत.

शेवटचा दिवस मोकळा ठेवा आणि यजमानांच्या घरी स्वयंपाक तुम्ही करा. निघताना नुसतं “या हो कधीतरी” म्हणू नका. दसऱ्याला हिंगोलीत मोठं प्रदर्शन भरतं आणि नर्सी हे नामदेवांचं गाव आहे. तारीख सांगून बोलवा.