देवाला पान, घराला बी
महाशिवरात्र आणि भांग : एक विचार

माघ वद्य चतुर्दशी. पहाटेच्या गारठ्यात शिवालयाच्या पायऱ्या ओल्या होतात, गाभाऱ्यात बेलाचा आणि ओल्या दगडाचा संमिश्र गंध दरवळू लागतो आणि अभिषेकाच्या संततधारेबरोबर 'ॐ नमः शिवाय'चा घोष सुरू होतो. घरोघरी कवठाची चटणी, रताळी, वऱ्याचे तांदूळ यांची तयारी चाललेली असते. बेल, पांढरी फुले, धोतरा, रुई या नित्याच्या पूजाद्रव्यांबरोबर याच दिवशी आणखी एका हिरव्या पानाची आठवण हटकून निघते. ते पान म्हणजे भांगेचे.

मराठी माणसाला ही वनस्पती प्रत्यक्षापेक्षा म्हणीतूनच अधिक परिचित आहे. कुळाला न शोभणारी संतती निपजली, की आपण 'तुळशीत भांग उगवली' म्हणतो. वाईट घरात सज्जन जन्मला, की 'भांगेत तुळस'. आपल्या अंगणात तुळशीला जे स्थान, त्याच्या नेमके उलट स्थान आपण भांगेला दिले. परंतु उत्तरेकडे काशी, उज्जयिनी येथे हीच वनस्पती 'विजया' या मंगल नावाने देवापुढे येते. उज्जयिनीच्या महाकालेश्वराच्या लिंगाला भांगेचा शृंगार चढतो, तर काशीत पाट्यावर वाटलेल्या भांगेची ठंडाई शिवाचा प्रसाद म्हणून घेतली जाते. मग प्रतिवर्षी अनेक श्रद्धाळू घरांत, विशेषतः तरुण मुलांच्या तोंडून, एक प्रश्न येतोच : 'देवाला चालते, तर आपल्याला का नको?' हा प्रश्न थट्टेने उडवून लावण्याजोगा नाही. पर्वकाळाच्या निमित्ताने त्याचा शांतपणे विचार करावा, म्हणून हा लेखप्रपंच.

प्रथम या वनस्पतीची कुळकथा पाहू. अथर्ववेदाच्या अकराव्या कांडात सोम ज्यांत श्रेष्ठ अशा पाच वनस्पतींचा उल्लेख आहे; त्यांत दर्भ, यव यांच्या बरोबरीने 'भंगा' येते. संकटातून मुक्त करावे, अशी प्रार्थना त्यांना केलेली आहे. पाणिनीने अष्टाध्यायीत तीळ, उडीद, जवस यांच्या शेतांना काय म्हणावे हे सांगताना भंगेच्या शेताचाही शब्द सिद्ध केला आहे. म्हणजे त्या काळी भंगा हे तिळाजवसासारखे शेतातले एक पीक होते. सोळाव्या शतकातील भावप्रकाशाने तिला मातुलानी, मादिनी, विजया, जया अशी नावे देऊन औषधी वनस्पतींत बसविले. समुद्रमंथनाच्या वेळी अमृताच्या थेंबातून ती उगवली, अथवा हलाहलाने पोळलेल्या नीलकंठाचा दाह शमावा म्हणून ती त्याला अर्पण झाली, अशा लोककथाही उत्तरेत प्रचलित आहेत.

पीक म्हणून ही वनस्पती कशी नांदते, हे पाहण्याचा योग आम्हांस कुमाऊंत आला. अल्मोड्याजवळ जागेश्वर येथे देवदारांच्या घनदाट वनात सुमारे 125 लहानमोठी शिवमंदिरे आहेत. 'दारुकावनातील नागेश' तो हाच, अशी तिकडच्या लोकांची श्रद्धा. आपण मराठी मंडळी तो मान औंढ्या नागनाथाला देतो. त्या श्रद्धेचा वाद न घालता दर्शन घेऊन आम्ही परतीच्या वाटेवरील एका खेड्यात मुक्काम केला. कार्तिक संपत आला होता. घराच्या मागच्या बांधावर पुरुष-दीड पुरुष उंचीची, हाताच्या बोटांसारखी पाने पसरलेली झाडे उभी होती. ती कोणी पेरलेली नव्हती; गोठ्याच्या खताला लागून दरवर्षी आपोआप उगवत. घरातील वृद्ध गृहिणीला सगळे 'आमा' म्हणत. आमा म्हणजे तिकडची आजी.

या झाडांत नर आणि मादी निरनिराळे असतात. नरझाड आधी फुलते आणि आधी वाळते; त्याचा वाख मऊ, म्हणून ते अगोदर उपटायचे. मादीझाड बी पक्व होईपर्यंत उभे ठेवायचे. बी भरले, की झाडे कापून पेंढ्या बांधतात, छपरावर उन्हात वाळवितात, मग काठीने झोडपतात आणि सुपाने पाखडून बी निराळे करतात. उरलेल्या काड्यांच्या जुड्या ओढ्याच्या पाण्यात दगडांखाली दडपून ठेवायच्या. काही दिवसांनी साल कुजून सैल होते. ती सोलून, आपटून, धुऊन वाळविली, की तिचा चिवट वाख निघतो. आपल्याकडे अंबाडीचा वाख काढतात, तशीच ही रीत. त्या वाखाच्या दोऱ्या, गुरांची दावी, धान्याची पोती होत आणि पूर्वी 'भंगेला' नावाचे जाडेभरडे वस्त्रही होत असे. कुमाऊंतील कुथलिया बोरा ही जमात त्याच विणकामासाठी प्रसिद्ध होती. हिमाचलातील कुलूकडे याच वाखाचे 'पूला' नावाचे पादत्राण करतात. चामडे जेथे वर्ज्य, त्या देवळाच्या आवारात आणि स्वयंपाकघरात ते चालते. ज्या झाडाला आपण अंगणात थारा देत नाही, त्याचे सूत तिकडे देवळाच्या फरशीवर वावरते, हे ऐकून आम्हांस मौज वाटली.

त्या रात्री आमांनी पानात चटणी वाढली. भाजलेले भांगेचे बी, हिरवी मिरची, कोथिंबीर, मीठ आणि पहाडी लिंबाचा रस. थंडीत गडेरीच्या, म्हणजे अळकुडीच्या जातीच्या कंदाच्या भाजीतही हे बी वाटून गाळून घालतात. आम्ही घास हातात घेऊन क्षणभर थबकलो. आमा हसल्या. म्हणाल्या, 'भाऊ, निःशंक खा. बियांत नशा नसते. देवाला पान, घराला बी, अंगाला सूत. इतकेच या झाडाकडून घ्यायचे.' खरोखरच बियांच्या गरात मद नसतो. सुमारे तीस टक्के तेल आणि वीस-पंचवीस टक्के प्रथिने, असे ते पौष्टिक धान्य आहे.

'आणि शेंड्यावरचा फुलोरा?' आम्ही विचारले. आमांचा चेहरा उतरला. त्या फुलोऱ्याची राळ हाताला चिकटते, तीच चरस. झोडपणी झाली, की आमा राखेने कोपरापर्यंत हात धूत आणि तोवर घरातल्या कोणत्याही मुलाला खळ्यात पाऊल ठेवू देत नसत. पुढे बोलता बोलता त्यांनीच सांगितले, की त्यांचा मधला नातू शाळेत हुशार होता. त्याच राळेच्या नादी लागला, शिक्षण सुटले, रात्र-रात्र घराबाहेर राहू लागला आणि शेवटी एक दिवस न सांगता घर सोडून गेला. 'शंकराने विष प्यायले ते दुसऱ्यांना वाचवायला. यांनी ते चैनीसाठी प्यायले आणि नाव शंकराचे घेतले,' एवढे बोलून त्या चुलीकडे वळल्या. तुळशीत भांग उगवणे म्हणजे काय, याचा अर्थ आम्हांस त्या रात्री म्हणीबाहेर कळला.

ब्रिटिश अमदानीत या प्रश्नाची मोठी चौकशी झाली होती. 1893-94 च्या भांग-गांजा आयोगाने हिंदुस्थानभर फिरून 1193 साक्षी नोंदविल्या. मुंबईचे कलेक्टर जे. एम. कॅम्बेल यांनी भांगेच्या धार्मिक स्थानावर एक स्वतंत्र टिपण त्या आयोगाला सादर केले. मर्यादित सेवनाने सहसा विशेष अपाय होत नाही, अतिरेक मात्र घातक, तेव्हा सरसकट बंदीऐवजी कर आणि नियंत्रण असावे, असा त्या आयोगाचा निष्कर्ष होता. भांगेचे समर्थक पहिले वाक्य सांगतात आणि दुसरे विसरतात.

आजचे शास्त्र अधिक नेमके बोलते. 1964 मध्ये इस्रायलमधील राफाएल मेकुलम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या वनस्पतीतील मादक द्रव्य शुद्ध स्वरूपात वेगळे केले. ते पाण्यात विरघळत नाही, स्निग्धात विरघळते. म्हणूनच भांग दूध, बदाम, मगज यांच्याबरोबर वाटण्याची चाल पडली. पोटातून घेतलेल्या भांगेचा अंमल चढण्यास तास-दोन तास लागतात आणि धोका नेमका येथेच आहे. 'काहीच झाले नाही' म्हणून नवखा मनुष्य दुसरा पेला घेतो, आणि मग दोन्ही पेले एकदम अंगावर येतात. छातीत धडधड, भीती, भ्रम, तोल जाणे ही अवस्था कित्येक तास टिकते. हृदयविकाराच्या रोग्यांनी, गर्भवतींनी, ज्यांच्या घराण्यात मनोविकार आहे त्यांनी तिच्या वाऱ्यासही उभे राहू नये. वाढत्या वयातील मुलांच्या मेंदूला तर ती विशेष अपायकारक आहे.

कायद्याची बाजूही गृहस्थाश्रमी माणसाने जाणून घ्यावी. 1985 च्या अंमली पदार्थविरोधी केंद्रीय कायद्यात गांजा म्हणजे फुलोरा आणि चरस म्हणजे राळ, ही दोन्ही निषिद्ध आहेत. शेंड्याविना असलेली पाने आणि बी गांजाच्या व्याख्येतून वगळलेली आहेत. म्हणूनच उत्तर प्रदेश, राजस्थान इत्यादी राज्यांत भांगेची परवानाधारक दुकाने दिसतात. परंतु झाड लावणे ही गोष्ट निराळी. पानांसाठी असो वा देवासाठी असो, परवान्यावाचून भांगेचे झाड लावणे हा गुन्हा असून त्यास दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. वाख आणि बी यांसाठी सरकार लागवडीची अनुज्ञा देऊ शकते. उत्तराखंडाने 2018 पासून कमी मादकतेच्या वाणांना अशी वाट करून दिली आहे. आपल्या महाराष्ट्रात तर 1949 च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्यावाचून भांग बाळगणे वा सेवन करणेही निषिद्ध आहे. तेव्हा काशीहून येणाऱ्या आप्ताने प्रेमाने आणलेली गोळी येथे प्रसाद ठरत नाही, याचे भान असावे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. देवाला चालते, तर आपल्याला का नको? याचे उत्तर पूजेच्या तबकातच आहे. त्याच तबकात धोतरा असतो. धोतऱ्याचे फळ आपण भक्तिभावाने पिंडीवर वाहतो. पण ते विषारी आहे हे ठाऊक असल्याने कोणी शहाणा मनुष्य प्रसाद म्हणून खात नाही. रुईच्या चिकाचेही तेच. जगाने जे जे टाकले ते ते भोळ्या शंकराने पदरी घेतले. सर्प, भस्म, स्मशान, हलाहल. त्याला वाहणे म्हणजे त्याच्या हवाली करणे होय. आपल्यातील जे मादक, जे घातक, ते त्याच्या चरणी ठेवून मोकळ्या हातांनी घरी परतावे, हा त्या अर्पणाचा भाव आम्हांस दिसतो. वाहिलेले विष परत मागून घेणे हा भक्तीचा मार्ग नव्हे.

आणि व्रताचा हेतू तरी काय? महाशिवरात्रीची दोन मुख्य अंगे, उपवास आणि जागरण. चार प्रहरांच्या चार पूजा सावध चित्ताने कराव्यात, रात्रभर देहाला व मनाला जागे ठेवावे, यासाठी ही रात्र आहे. भांग तर नेमकी जागृतीच हिरावून घेते. डोळे उघडे आणि चित्त निद्रिस्त, असे जागरण शिवाला काय कामाचे? रिकाम्या पोटी घेतलेली भांग अधिक बाधते, हे निराळेच.

काशीच्या आचाराला आम्ही नावे ठेवीत नाही. ज्याचा त्याचा देश, ज्याची त्याची परंपरा. परंतु आपल्या घरची रीत आपल्याला पुरेशी आहे. बदाम, बडीशेप, मिरी, खसखस, गुलाबपाकळ्या आणि वेलची वाटून दुधात कालविलेली साधी ठंडाई नैवेद्याला ठेवावी; दुसऱ्या दिवशी पारण्याला ती घरातल्या आजोबांपासून नातवंडांपर्यंत सर्वांना निर्धास्तपणे वाटता येते.

निघताना आमांनी आम्हांस पुरचुंडीत थोडे भाजलेले बी दिले आणि सांगितले, 'तुमच्या नागनाथाला माझा नमस्कार सांगा. म्हणावे, नातू कुठे असेल तेथे त्याला जागा ठेव.' पुढे शिवरात्रीला औंढ्याच्या त्या खोल, अरुंद गाभाऱ्यात उतरून आम्ही तो निरोप पोचविला. बेलाचे एक पान त्या न पाहिलेल्या मुलाच्या नावाने वाहिले.

या शिवरात्रीस आपल्या घरातील प्रत्येक तरुण असाच जागा राहो, हेच मागणे. हर हर महादेव!