जीपचे विसरलेले तेल

इंजिनाचे तेल सगळ्यांना ठाऊक असते. ते काळे पडते, कमी होते. फार कमी झाले की ड्रायव्हरसमोर लाल दिवा लागतो. मग मालक धावतपळत दुकान गाठतो.

पण गाडीत आणखी दोन ठिकाणी तेल असते. एक गिअरच्या पेटीत. दुसरे मागच्या आसाच्या मधोमध जो गोल लोखंडी डबा दिसतो, त्यात. या तेलाला दिवा नाही. ते इंजिनाच्या तेलासारखे जळत नाही. गळती नसली तर कमीही होत नाही. बिचारे वर्षानुवर्षे आत पडून राहते. पुष्कळ मालकांना ते बदलायचे असते हेच माहीत नसते. मग एक दिवस मागून घूं-घूं असा आवाज येऊ लागतो. तोवर आतले दात झिजलेले असतात. तेलाच्या खर्चात भागले असते, तिथे सगळी चक्रे बदलायची पाळी येते.

हे तेल घरच्या अंगणात बदलता येते. काम कळकट आहे, पण अवघड नाही. मात्र त्यातली एक गोष्ट उलटी केली, तर गाडी अंगणातच अडकून बसते. ती गोष्ट पुढे येईलच.

आम्ही इथे जीपच्या जातीच्या गाडीबद्दल बोलतो आहोत. इंजिन पुढे आणि जोर मागच्या चाकांना, अशी ही गाडी. १९४१ सालापासून अमेरिकेत विलिस कंपनीने सैन्यासाठी जीप बनवली. पुढे आपल्याकडे महिंद्र कंपनीने मुंबईत जीप जोडायला घेतली, आणि ती खेडोपाडी पोचली. आजची पुष्कळ पिकअप गाडीही याच बांधणीची असते. ट्रॅक्टरचे मात्र वेगळे. बऱ्याच ट्रॅक्टरांत गिअर, मागची चक्रे आणि नांगर उचलण्याचे यंत्र या सर्वांना मिळून एकच तेल असते, आणि ते खूप लागते. तेव्हा ट्रॅक्टरला ही रीत लावू नका.

आधी त्या गोल डब्यात काय आहे ते समजून घेऊ.

खळ्यावरची मळणी आठवा. मधे मेढ असते. बैल तिच्याभोवती फिरतात. मेढीजवळचा बैल हळूहळू पाय टाकतो. बाहेरच्या बैलाला मात्र झपाझप चालावे लागते. फेरी एकच, पण बाहेरच्याची वाट लांब. गाडी वळताना चाकांचे हेच होते. समजा, दोन चाकांत १.४ मीटर अंतर आहे. गाडीने एक पूर्ण गोल फेरी मारली, तर बाहेरचे चाक आतल्यापेक्षा जवळजवळ पावणेनऊ मीटर जास्त धावते. फेरी लहान असो की मोठी, हा फरक तेवढाच!

बैलगाडीला याची अडचण नाही. तिची चाके आसावर सुटी फिरतात. जीपच्या चाकांना इंजिन फिरवते. दोन्ही चाके एकाच दांड्याला घट्ट बसवली असती, तर वळणावर एक चाक फरफटले असते. म्हणून मधल्या डब्यात दातेरी चक्रांची अशी जुळणी केलेली असते, की दोन्ही चाकांना जोर तर मिळावा, पण बाहेरच्याला पुढे पळता यावे. तिला डिफरन्शियल म्हणतात. या डब्यातली मोठी चक्रे नुसती फिरत नाहीत, त्यांचे दात एकमेकांवर जोराने घासत सरकतात. मधे तेलाचा पातळ थर असतो म्हणूनच लोखंड लोखंडाला खात नाही.

आता तेल कोणते आणायचे? इथे फार जण फसतात. डब्यावर ८०-डब्ल्यू-९० असे काहीतरी लिहिलेले असते. तो तेलाचा जाडपणा झाला. त्याशिवाय जीएल-४ किंवा जीएल-५ असा आकडा असतो. जीएल-५ मध्ये दातांचा भारी दाब सोसणारी औषधे जास्त असतात. मागच्या डब्याला बहुधा तेच लागते. तेव्हा तुम्ही म्हणाल, मग तेच गिअरच्या पेटीतही ओतू, चांगले ते चांगलेच! तसे नाही. पुष्कळ गिअरपेट्यांत पितळेची कडी असतात. गिअर टाकताना ती चक्राला घासून त्याचा वेग जुळवतात. काही जीएल-५ तेलांतली औषधे पितळेला बाधतात. शिवाय तेल फार निसरडे असले तर कडी नीट धरत नाहीत, आणि गिअर खरखरतो. म्हणून गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात दोन्ही ठिकाणी काय सांगितले आहे ते पाहा. डब्यावरची अक्षरे इंग्रजीत असतात. ती वाचता येत नसतील तर पुस्तकच दुकानात न्या आणि दोन्हींचे आकडे जुळवा. दुकानदार "सगळं एकच असतं" म्हणाला, तर दुसरे दुकान पाहा.

किती तेल लागते आणि किती किलोमीटरनंतर बदलायचे, हेही पुस्तकातच असते. प्रत्येक गाडीचे वेगळे. पण एक प्रसंग असा आहे, की तेव्हा किलोमीटर मोजत बसू नये. पावसाळ्यात फरशीवरून पाणी वाहत असते. गाडी लांबून आलेली, मागचा डबा तापलेला. तो गार पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि बारीक फटीतून पाणी आत ओढून घेते. पाणी तेलात घुसळले की तेल ताकासारखे पांढुरके होते. असे तेल दातांना वाचवू शकत नाही, आत गंजही चढतो. चाकांचे तुंबे बुडतील एवढ्या पाण्यातून गाडी काढली असेल, तर घरी आल्यावर वरचा बोल्ट काढून तेलाचा रंग पाहून घ्यावा.

कामाला लागू. आधी गाडी सात-आठ किलोमीटर फिरवून आणा. तेल कोमट झाले की पातळ होते आणि गाळासकट बाहेर येते. गाडी सपाट, टणक जागी लावा. हँडब्रेक ओढा. चाकांना पुढून-मागून मोठे दगड लावा. किल्ली खिशात ठेवा, पोरांच्या हाती लागता कामा नये. जीप उंच असते. तिच्याखाली पाठीवर सरकून जाता येते, जॅक लागत नाही. जागा पुरत नसेल तर हे काम घरी करू नका. नुसत्या जॅकवर किंवा विटांच्या थरावर उचललेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये. जॅक निसटायला क्षण पुरतो, आणि खाली माणूस असतो.

सामान थोडेच. बोल्टात नीट बसणारा पाना, तारेचा ब्रश, चिंध्या, रुंद घमेले, नरसाळे आणि हातभर रबरी नळी. बोल्टाखाली घालायच्या नव्या चकत्याही आणून ठेवा.

पेटीला आणि डब्याला प्रत्येकी दोन बोल्ट असतात. एक तळाशी, त्यातून तेल सोडायचे. दुसरा कुशीत वरच्या बाजूला, त्यातून भरायचे. आता ती गोष्ट ऐका. खालच्या बोल्टाला हात लावण्याआधी वरचा बोल्ट सोडवून पाहा. वरचा बोल्ट वर्षानुवर्षे कोणी उघडलेला नसतो. तो गंजून घट्ट बसतो. आम्ही एका गावी पाहिले, एका गाडीवाल्याने बाजाराच्या आदल्या संध्याकाळी मोठ्या उत्साहाने खालचा बोल्ट काढला. तेल सगळे घमेल्यात आले. वरचा मात्र हलेना. हातोडा झाला, रॉकेल झाले, शेवटी बोल्टाचे डोके गोल झाले. आत तेल नाही, भरायला वाट नाही. भाजीच्या पाट्या दुसऱ्याच्या गाडीतून गेल्या, भाडेही त्यानेच घेतले. वरचा बोल्ट आधी सोडवला असता आणि तो निघाला नसता, तर जुन्या तेलावर का होईना, गाडी मिस्त्रीपर्यंत गेली असती.

बोल्टाभोवतीची माती आधी ब्रशाने झाडा, नाहीतर तीच आत पडेल. वरचा सुटला की मग खालचा काढा. तोंड बाजूला ठेवा, तेल एकदम उडते. धार संपून थेंब पडू लागेपर्यंत थांबा, घाई करू नका. काही गाड्यांच्या मागच्या डब्याला खालचा बोल्टच नसतो. तिथे झाकण उघडावे लागते. ते काम मिस्त्रीकडे द्यावे हे बरे.

निघालेले तेल नीट पाहा. काळे असले तर ते जुने झाले होते, एवढेच. खालच्या बोल्टाला बऱ्याचदा लोहचुंबक असते. त्याला करड्या रंगाचा मऊ लगदा चिकटलेला दिसेल. त्याने घाबरू नका, ती रोजच्या झिजेची पूड आहे. पुसून टाका. पण नखाएवढा तुकडा किंवा दाताची कपची निघाली, तर नवे तेल ओतून काही होणार नाही. गाडी उघडून पाहायला हवी.

खालचा बोल्ट नवी चकती घालून बसवा. आधी हाताने फिरवा, मग पान्याने आवळा. अंगातला सगळा जोर लावू नका. गिअरपेटी बऱ्याच गाड्यांत ॲल्युमिनियमची असते, तिचे आटे लवकर जातात. मग नळीला नरसाळे लावून एकाने वरून ओतावे आणि दुसऱ्याने खालून नळी धरावी. वरच्या भोकाच्या काठाशी तेल आले आणि बाहेर ओघळू लागले, की बहुतेक गाड्यांत माप पुरे झाले. जास्तीचे ओघळून जाऊ द्या. "थोडं जास्त असलेलं बरं" हा विचार इथे चालत नाही. मागच्या डब्यात तेल जास्त झाले तर ते आसाच्या नळीतून चाकाकडे जाते, ब्रेकच्या लायनरवर पसरते, आणि घाटात ब्रेक लागत नाही.

वरचा बोल्ट लावा. आज कोणते तेल, किती घातले आणि घड्याळात किती किलोमीटर झाले होते, ते वहीत तारखेसह लिहा. गाडी विकायची झाली तर हे पान दाखवता येते.

जुने तेल डब्यात भरून झाकण लावा. ते ओढ्यात, उकिरड्यावर किंवा विहिरीच्या काठाशी ओतू नका. जमिनीतून झिरपून ते पिण्याच्या पाण्यात उतरते. जनावराच्या जखमेलाही ते लावू नये. तालुक्याच्या मोठ्या गॅरेजात जुने तेल गोळा करतात का ते विचारून तिथे नेऊन द्या.

मग गाडी गावातून एक फेरी मारून आणा. रात्री दोन्ही बोल्टांच्या खाली जुना कागद पसरून ठेवा. सकाळी कागदावर डाग दिसला, तर बोल्ट थोडा आणखी आवळा.