हिशेब नाथांच्या घरचा

देवगिरी किल्ल्यावरची एक गोष्ट मराठवाड्यात लहानपणीच कानावर पडते. एकनाथ जनार्दनस्वामींकडे शिकायला राहिले होते. स्वामी निजामशाहीचे किल्लेदार. घरी अध्यात्म आणि कचेरीत जमाखर्च अशी त्यांची दिनचर्या. जमाखर्च त्यांनी एकनाथांकडे सोपवला होता. एके दिवशी एका पैचा मेळ बसेना. दिवेलागण झाली, माणसे निजली, एकनाथ वहीची पाने पुन्हा पुन्हा उलटत राहिले आणि उत्तररात्री ती पै सापडली. आनंदाच्या भरात त्यांनी टाळी वाजवली, त्या आवाजाने स्वामी जागे झाले. एका पैसाठी मन इतके एकवटते, तेच देवाकडे लागले तर काय होईल, असे त्यांनी शिष्याला सुचवले.

कीर्तनात या गोष्टीचा रोख एकाग्रतेवर असतो. मला तिच्यातले दुसरेच काही महत्त्वाचे वाटते. स्वामींनी वही बंद करायला सांगितली नाही. हिशेब चोखच हवा होता, दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहायचाही होता. स्वामी स्वतः गुरुवारी कामकाज बाजूला ठेवून उपासनेत राहत, असे परंपरा सांगते. बाकीचे दिवस किल्ला, शिबंदी आणि वसूल. पैशाच्या ऐन मध्यात बसून त्याच्या मुठीत न जाण्याचा हा धडा छत्रपती संभाजीनगरपासून हाकेच्या अंतरावर, त्या किल्ल्यावर गिरवला गेला. लक्ष्मीपूजनाला वह्यांवर हळद-कुंकू वाहणाऱ्या आपल्यासारख्यांसाठी तो आजही तितकाच जवळचा आहे.

अनासक्ती म्हटले की डोळ्यांपुढे भगवी छाटी आणि कमंडलू येतो. ती वाटही या जिल्ह्याने पाहिली आहे. तेराव्या शतकात चक्रधरस्वामी पैठणला राहिले. त्यांनी अनुयायांना घरदार सोडून, भिक्षा मागून, एका जागी न रुळता हिंडायला सांगितले. वेरूळच्या 30 ते 34 क्रमांकाच्या लेण्यांत अपरिग्रहाला महाव्रत मानणारे जैन तीर्थंकर बसले आहेत. या वाटांचा मान मोठा आहेच. पण ज्याला मुलांची फी भरायची आहे, घराचा हप्ता फेडायचा आहे, म्हाताऱ्या आईवडिलांची औषधे आणायची आहेत, त्याने काय करायचे? त्याचे उत्तर पैठणला एकनाथांच्या घरात, म्हणजे नाथवाड्यात आहे.

पैठण हे काही माळावरचे निवांत आश्रमस्थान नव्हते. सातवाहनांची ही राजधानी. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासग्रंथात, म्हणजे पेरिप्लसमध्ये, भडोचच्या दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवरचे गाव म्हणून पैठणचा उल्लेख येतो. इथून अकीकाचे दगड गाड्यांत भरून बंदराकडे जात. पुढे रेशीम आणि जर यांनी गावाचे नाव घरोघरच्या पेटाऱ्यात नेले. अशा गावात 1533 च्या सुमारास एकनाथ जन्मले. त्यांचे पणजोबा भानुदास यांनी कापडाचा व्यापार केला. गिऱ्हाइकाला ते खरेदीची किंमत आणि आपला नफा दोन्ही सांगत, म्हणून बाकीचे दुकानदार त्यांच्यावर खार खाऊन होते, अशी कथा आहे. ही कथा मला अनासक्तीचीच वाटते. नफा आहे, पण तो लपवण्याइतकी त्याची ओढ नाही.

नाथांनी लग्न केले. गिरिजाबाईंसह संसार केला, मुले वाढवली, वाड्यात रोज पंगती उठवल्या. त्यांच्या घरी चोर शिरल्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. चोरांची दृष्टी गेली. नाथांनी ती परत आणली, चोरांना जेवू घातले आणि आपल्या बोटातली अंगठीही काढून दिली. दृष्टी जाण्यायेण्याचा भाग ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे घ्यावा. बोटात अंगठी होती हे मात्र लक्षात घ्यावे. नाथ निष्कांचन नव्हते. अंगठी काढताना हात अडखळला नाही, एवढेच ती कथा सांगते.

या घरात जे जगले गेले त्याचा विचार नाथांनी आपल्या मोठ्या ग्रंथात मांडला. भागवताच्या अकराव्या स्कंधावरची ही ओवीबद्ध टीका पैठणला सुरू झाली आणि 1573 मध्ये काशीला पूर्ण झाली. एकतीस अध्याय, अठरा हजारांवर ओव्या. संपत्तीबद्दल तिचा गाभा तेविसाव्या अध्यायात आहे. तिथे अवंतीच्या कृपणाची कहाणी येते.

हा माणूस शेती आणि व्यापार करून गडगंज झालेला. पण पाहुण्याला गोड शब्दही देत नाही आणि स्वतःच्या देहालाही धड खाऊ घालत नाही. बायकामुले, नोकर, नातलग सगळे मनातून विटलेले. मग धन जायला लागते. काही भाऊबंद नेतात, काही चोर, काही राजा, काही काळाच्या ओघात आपोआप जाते. हाती काही उरत नाही तेव्हा हा माणूस स्वतःशी हिशेब मांडतो. धन मिळवताना कष्ट, राखताना भीती, वाढवताना चिंता, जाताना दुःख. मग सुख होते कधी? अर्थातून पंधरा अनर्थ जन्मतात, असे तो म्हणतो. चोरी, हिंसा, खोटेपणा, दंभ, काम, क्रोध, गर्व, मद, भेद, वैर, अविश्वास, स्पर्धा आणि स्त्री, जुगार, मद्य यांची तीन व्यसने.

या यादीतला ‘भेद’ मला फार खरा वाटतो. वाटणीच्या कागदावर सही करायची वेळ आली की एका ताटात जेवलेले भाऊ तालुका कोर्टाच्या व्हरांड्यात वेगवेगळ्या बाकांवर बसलेले आपण सगळ्यांनीच पाहिले आहेत. वाद कधी एकरांचा असतो, कधी फक्त बांधाचा.

कहाणी इथे संपत नाही, हे नाथांचे वाचक जाणतात. कृपण भिक्षू होतो, आणि गावातली माणसे त्याची टर उडवतात. त्याचा दंड, पात्र, चिंध्या ओढून घेतात, परत देतात, पुन्हा ओढतात. धन सुटले तरी अपमानाचा डंख उरला असता, तर आसक्ती केवळ जागा बदलून बसली असती. तो भिक्षू शोधत जातो. दुःखाचे कारण माणसे की देव, ग्रह की कर्म की काळ? आणि मनापाशी येऊन थांबतो. सगळे सोडल्याचा ताठा ही शेवटची मालमत्ता. ती सोडणे सर्वांत अवघड, असे मला हा अध्याय वाचताना दरवेळी वाटते.

शास्त्रकारांनीही धनाबद्दल कृपणासारखेच निदान केले. पतंजलींच्या योगसूत्रांत अपरिग्रह हा पाच यमांपैकी शेवटचा. व्यासभाष्यात वस्तूंचे पाच दोष सांगितले आहेत: मिळवणे, राखणे, नाश पावणे, त्यांची ओढ लागणे आणि त्यांच्यापायी होणारी हिंसा. ते पाहून वस्तू न स्वीकारणे म्हणजे अपरिग्रह. भागवताच्या सातव्या स्कंधात नारद युधिष्ठिराला, म्हणजे एका राजाला, याहून कडक बोल ऐकवतात. पोट भरण्यापुरते असेल तेवढ्यावरच माणसाचा हक्क, त्याहून अधिकावर ‘माझे’ म्हणणारा चोर. ईशोपनिषदाचा पहिलाच मंत्र मात्र उपभोगाला नकार देत नाही, तो त्यागाच्या अंगाने घ्यायला सांगतो. नाथांचा वाडा या मंत्राच्या सर्वांत जवळ आहे.

मग रोजच्या जगण्यात हे उतरवायचे कसे? आपल्याकडे त्याच्या छोट्या सवयी होत्याच. चातुर्मासात एखादा आवडता पदार्थ सोडणे, काशीला जाऊन एक फळ वर्ज्य करणे, जेवायला बसण्याआधी दाराशी कोणी उपाशी नाही ना हे पाहणे. आवडीची वस्तू काही काळ बाजूला ठेवून आपण तिच्यावाचून राहू शकतो का, एवढीच ती चाचणी. वस्तूला तुच्छ मानायचे कारण नाही. ज्या हातांनी महिनोन्‌महिने हातमागावर बसून पैठणीच्या पदरावर मोर उठवला, त्यांचा मान राखायलाच हवा. पैठणी नेसावी, तिची घडी अधूनमधून बदलावी, नाहीतर जर घडीवर चिरते, आणि नात लग्नाची झाली की तिच्या हाती द्यावी. बँकेच्या लॉकरमध्ये अडकून पडलेली पैठणी कुणाचीच नसते.

नाथवाड्यातला रांजण सोडून देण्याच्या या सवयीचे सामुदायिक रूप आहे. देव श्रीखंड्या होऊन नाथांघरी पाणी भरत होता, चंदन उगाळत होता, अशी श्रद्धा आहे. त्या आठवणीने तुकाराम बीजेपासून भाविक गोदावरीचे पाणी आणून रांजणात ओततात आणि फाल्गुन वद्य षष्ठीच्या, म्हणजे नाथषष्ठीच्या, सुमारास तो भरतो. कळशी कोणाची, हंडा कोणाचा याची नोंद कुठे नसते. एकदा ओतलेले पाणी वेगळे काढता येत नाही.

इथे एक सावधानता हवी. पैठणच्या धरणाच्या जलाशयाचे नाव नाथसागर आहे. 1965 मध्ये पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी त्या धरणाची पायाभरणी केली, 1976 मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते त्याचे लोकार्पण झाले. त्या पाण्यावर मराठवाड्याची शेते आणि संभाजीनगर शहर जगते. त्याच पाण्यात शंभरावर गावांची शेतेघरे गेली. ज्यांचे ते गेले त्यांना कोणी वैराग्य शिकवू नये. दुष्काळात दावणीची जनावरे विकणाऱ्या शेतकऱ्याला तर मुळीच नाही. हिरावले गेलेले म्हणजे सोडलेले नव्हे. अपरिग्रहाचा उपदेश ज्याच्या घरात जास्त आहे त्याने स्वतःला करायचा असतो. नारदांनीही तो राजाला केला, प्रजेला नाही.

म्हणून या दिवाळीत नाथांचा तेविसावा अध्याय उघडायचा असेल, तर तो भरलेल्या घरात बसून मोठ्याने वाचावा. घरातल्या सगळ्यांना, नोकरचाकरांसकट, ऐकू जाईल असा. कृपणाच्या घरात नोकरही विटलेले होते, हे तिथे स्पष्ट सांगितले आहे. बोनसची पाकिटे भरायच्या आधी वाचला तर जास्त बरे.